सकाळधरनं पडून

"किक मागनं. आधी हात लाव."

दस्तगीरचाचांनी माझी मांडी धरून पाय किकवरून खाली उतरवला. मी गाडीवर निम्मा बसलोच होतो. लाल रंगाची शंभर सीसीची गाडी, टाकीवर तेलाचं फडकं फिरवून चकचकीत केलेली, आणि तिच्यासमोर मी, चोवीस वर्षांचा, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईची वस्तू घ्यायला निघालेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते बाशिंग त्या दिवशी माझ्या दोन्ही गुडघ्यांना होतं.

"आरं अधिक, हात लाव म्हणतोय. इंजनला."

मी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"गरम हाय," मी म्हणालो.

"उन्हात हुबी हाय, गरम लागणारच," गाडी विकणारा जालिंदर म्हणाला. "महिना झाला पडून हाय. हात न्हाई लावला कुणी."

गाडी शेवग्याच्या सावलीत उभी होती. चाचांनी एकदा शेवग्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तालुक्याच्या स्टँडमागे त्यांचं गॅरेज होतं, तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपून काढली होती. येताना एसटीत त्यांनी मला तासभर शिकवलं होतं. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, गाडीच्या पोटाखाली बघायचं. इंजिन थंड असतानाच चालू करून बघायचं, कारण गरम इंजिन एका किकमध्ये उठतं आणि सगळी दुखणी लपवतं. वरून कीर्तन आतून तमाशा, तशा निम्म्या गाड्या असतात. आणि कागदावर ज्याचं नाव, तो माणूस डोळ्यांसमोर असल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही.

मी मान डोलावली होती आणि सगळं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. मला फक्त गाडी दिसत होती. मी दूध संघात कामाला होतो, गावोगाव फिरून गाईम्हशी भरवायचं काम. वळूचं वीर्य गोठवून ठेवलेला नायट्रोजनचा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून मी दिवसाला तीस-तीस किलोमीटर पॅडल मारायचो. म्हैस माजावर आल्याचा निरोप सकाळी यायचा आणि मी पोचेपर्यंत तिचा विचार बदललेला असायचा. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि माझ्या सायकलीला हसायचे. ढवळवाडीच्या कॅनॉलकडेला एक गाडी फार स्वस्तात निघाली आहे असं चहाच्या टपरीवर कळलं, तेव्हा दुसरं कुणी झडप घालायच्या आत मी निरोप धाडला, की उद्या दहा वाजता येतो.

गाव दोन मैल मागे राहिलं होतं. कॅनॉलच्या कडेला एकटं घर, पुढे मातीचं अंगण, डाव्या बाजूला गोठा. घराच्या दोन दारांपैकी एक उघडं होतं, दुसऱ्याला बाहेरून कडी होती. उघड्या दाराच्या उंबऱ्यात जालिंदरची आई सुपात पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. आम्ही आलो तेव्हा तिनं विचारलं होतं, "कोण म्हणायचं?"

"दूध संघातला, आजी. जनावरांचं बघतो."

"जनावराचा डाक्टर व्हय?"

"व्हय," मी जरा छाती काढूनच म्हणालो.

"डाक्टर हायेस म्हण की," ती परत म्हणाली, आणि खाली मान घालून शेंगा सोलू लागली.

आता, जालिंदरनं गाडी महिनाभर पडून असल्याचं सांगितलं तशी ती एकदम बोलली.

"महिना कुठला? सकाळधरनं पडून हाय. पाणी बी घेईना."

जालिंदर हसला. तालमीतला गडी होता तो, मान आणि डोकं एकाच जाडीचं, कानाच्या पाळ्या कुस्तीत मोडून मुडपलेल्या. "म्हातारीचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "डोसकं फिरलंय तिचं. ऐकू बी येत न्हाई धड."

आणि मीही हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं. सकाळपासून पडून आहे, पाणी घेत नाही, हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकायचो. तेवढ्यावर मी जेवणाच्या ताटावरून उठून सायकल काढायचो. जनावर बसलं आणि पाण्याला तोंड लावेना, म्हणजे गोष्ट जिवावर आली, हे मला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून मी मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलतात तसा बोललो, "आजी, जाताना बघतो हां म्हशीला!"

म्हातारीच्या हातातली शेंग थांबली. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, खरंच हिचं डोकं ठिकाणावर नाही.

चाचा तोवर गुडघ्यावर बसून कामाला लागले होते. त्यांनी पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. ब्रेकची मूठ दाबली, ती सपशेल हँडलला चिकटली.

"पुढचा ब्रेक न्हाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "केबल तुटलीया. ताजी तुटल्याली दिसती."

"पन्नास रुपयाचं काम," जालिंदर म्हणाला.

"डावं पायदान वाकलंय. त्या अंगाला पडलीया गाडी."

"कवातरी पडली असंल."

"माती वली हाय अजून."

चाचा मागच्या चाकाशी सरकले आणि तिथे बराच वेळ थांबले. मग त्यांनी पिशवीतून बारीक चिमटा काढला आणि चाकाच्या मधल्या तुंब्यात गुंडाळलेलं काहीतरी ओढायला लागले. हिरवा धागा होता, जरीचा. एक वीत आला, दोन विती आला, मग कापडाची चिंधीच बाहेर आली, लुगड्याच्या काठाची. चिंधीला लांब केस चिकटले होते, आठ-दहा, मुळासकट.

चाचांनी ती चिंधी मुठीत घेतली आणि खिशात घातली. मी बघितलं ते. मी काय विचार केला असेल? मी विचार केला, की कुणाचातरी पदर चाकात गेला असेल, बायकांना बसायचं कळत नाही. आणि मनात भाव अजून पाचशेनं खाली आणायचा हिशोब मांडला. असा होतो मी.

"चालवून बघ जा," चाचा म्हणाले. "रस्त्यापर्यंत जाऊन ये. गिअर कुठं अडतोय बघ."

एका किकमध्ये गाडी चालू झाली. मी रस्त्यापर्यंत गेलो आणि आलो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर टाकताना गिअर सटकत होता आणि इंजिन नुसतं बोंबलत होतं. ते सोडलं तर मी राजा होतो. परत आलो तेव्हा सहज गोठ्याकडे नजर गेली. एकच म्हैस होती. चार पायांवर उभी, डोळे मिटून रवंथ करत होती, आणि पुढ्यातलं घमेलं चाटूनपुसून कोरडं होतं.

गाडी बंद केल्यावरही मी तिथेच बसून राहिलो. म्हशीकडे बघत.

"पुस्तक दाखवा," चाचा जालिंदरला म्हणत होते.

जालिंदरनं खिशातून गाडीचं पुस्तक काढलं. चाचांनी ते लांब धरून वाचलं. "शालन जालिंदर," ते म्हणाले. "गाडी बाईंच्या नावावर हाय."

"सासऱ्यानं लग्नात दिली. पोरीच्या नावावर केली म्हाताऱ्यानं, लई शाना." तो थुंकला. "फॉर्मवर सह्या करून ठेवल्यात तिनं. ह्या बघा."

"सह्या ऱ्हाऊ द्या. बाईंना बोलवा."

"माहेरी गेलीया."

"कवा?"

"झालं की चार दिस."

चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि ते जालिंदरला म्हणाले, "सौदा बाईंसमोर करू मग. त्या आल्या की निरोप धाडा." त्यांनी पिशवी उचलली, पण पाय हलवला नाही. मला वाटलं, गेली गाडी हातची. मी तोंड उघडलं, "चाचा, सह्या हायत तर..."

"पाणी घेईना म्हणते मी!" म्हातारी ओरडली. सूप तिच्या मांडीवरून घसरलं, पावटे अंगणभर झाले. "डाक्टर हायेस न्हवं तू? सकाळधरनं पडून हाय आत! तोंडात घातलं तर भायेर येतंय!"

'आत', ती म्हणाली होती. गोठा बाहेर होता.

जालिंदर दोन ढांगांत उंबऱ्यापाशी पोचला आणि त्यानं स्वतःच्या आईच्या तोंडात मारली. उघड्या पंजाची नव्हे, मुठीची. म्हातारी चौकटीवर आपटली आणि तिथेच बसली. तिच्या तोंडातून रक्त आलं, पण तिनं आवाज केला नाही. तिला या माराची सवय होती, हे त्या न ओरडण्यावरून कळत होतं.

"तोंड बंद ठेव म्हणलं हुतं न्हवं?" जालिंदर म्हणाला.

चाचा तोवर त्या कडी लावलेल्या दाराकडे चालू लागले होते. धावत नव्हते. अठ्ठावन्न वर्षांचा, काडीसारखा, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला माणूस, एखाद्या गाडीकडे जावं तसा दाराकडे गेला आणि कडीला हात घातला.

"मिस्त्री, माघारी फिर."

"बाईंना बघतो आन् जातो."

"माझ्या घरातली गोष्ट हाय."

"गाडी तिची हाय," चाचा म्हणाले. "गाडी घ्यायला आलोय मी."

दाराशेजारी पहार टेकवून ठेवली होती. जालिंदरनं ती उचलली आणि चाचांच्या हातावर घातली, कडीवर असलेल्या हातावरच. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि मध्ये एक दुसरा आवाज, ओला. चाचा खाली बसले. उजव्या हाताची बोटं हाताला होती, पण हाताची राहिली नव्हती.

मी काय केलं? मी गाडीवर बसून राहिलो. लोकांना मी नंतर वेगवेगळं सांगितलं, पण खरं हेच आहे. माझी मांडी टाकीला चिकटली होती. जालिंदरनं दुसरा घाव चाचांच्या बरगडीत घातला, तिसरा पाठीवर, आणि मी ते मोजत बसलो होतो, जणू मला कुणी साक्षीला बोलावलं होतं.

"अधिक," चाचा म्हणाले. ओरडले नाहीत. नुसती हाक मारली.

मग मी उतरलो. मला मारामारी येत नव्हती, आजही येत नाही. मला फक्त जनावर धरता येतं. बेफाम बैलाला आवरायचं तर शिंगाला हात घालायचा नाही, नाकपुड्यांत अंगठा आणि बोट घालून आतला पडदा चिमटीत धरायचा आणि मान उलटी फिरवायची. हजार किलोचं धूड गुडघे टेकतं. मी जालिंदरच्या पाठीमागून उडी मारली आणि त्याच्या नाकात दोन बोटं घातली, मुळापर्यंत, आणि सगळ्या अंगाचा जोर लावून डोकं मागे ओढलं.

तो जसा ओरडला तसा माणूस ओरडलेला मी कधी ऐकला नव्हता. माझ्या बोटांवरून गरम रक्त वाहिलं. त्याच्या हातातली पहार पडली. पण तो बैल नव्हता, त्याला कोपर होतं. ते कोपर माझ्या तोंडावर आलं आणि पुढचे दोन दात मी गिळले की थुंकले ते मला आठवत नाही. दुसऱ्यांदा आलं तेव्हा माझी पकड सुटली आणि मी पावट्यांत पडलो.

जालिंदर वळला. नाकाची एक बाजू फाटून लोंबत होती, डोळ्यांत पाणी आणि रक्त, त्याला धड दिसत नव्हतं. तो माझ्या दिशेनं आला आणि मधेच अडखळला. चाचांनी जमिनीवर पडल्या पडल्या त्याच्या पायाला मिठी मारली होती, धड राहिलेल्या डाव्या हातानं.

"जा," चाचा म्हणाले.

मी दाराकडे बघितलं. कडी निघालेली होती. म्हातारी उभी होती, तिच्या हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं, आणि तिच्या खांद्यावर एक बाई होती. बाई म्हणजे जेमतेम वीस-बावीस वर्षांची पोरगी. डोक्याची उजवी बाजू केसांसकट सोललेली, चेहरा सुजून डोळा कुठला ते कळत नव्हतं, आणि एका पायाची पोटरी रस्त्यावर फरफटत नेल्यासारखी कातडी जाऊन लाल झालेली. अंगावर हिरवं जरीकाठाचं लुगडं होतं. काठ एका बाजूनं फाटलेला होता.

"बस गाडीवर," म्हातारी मला म्हणाली. बहिरी नव्हती ती. भ्रमिष्टही नव्हती.

मी गाडीवर बसलो. तिनं सुनेला माझ्या मागे बसवलं आणि गोठ्यातलं दावं आणून आम्हा दोघांना कमरेभोवती करकचून बांधलं, वासराला बांधतात तशी गाठ मारून. शालनचं डोकं माझ्या मानेवर पडलं. तिचा श्वास माझ्या कानात वाजत होता, मधेच थांबायचा, मी वाट बघायचो, परत चालू व्हायचा.

मी किक मारली. गरम इंजिन एका किकमध्ये उठलं.

पाठीमागे जालिंदर पाय झाडत होता. सोडवता येत नाही म्हटल्यावर तो दुसऱ्या पायानं चाचांच्या डोक्यावर लाथा घालू लागला. प्रत्येक लाथेला चाचांच्या तोंडून हवा निघाल्यासारखा आवाज यायचा. मी थांबलो.

"चाचा!"

"पुढचा ब्रेक न्हाई!" चाचा ओरडले. लाथ बसली. "पायातला... पायातलाच दाब!" लाथ बसली. "तिसरा टाकू नको! दुसऱ्यावरच ने!"

मी त्यांना तिथे सोडून गेलो. त्या दिवशी मी केलेलं एवढंच एक काम बरोबर होतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

अंगणातून बाहेर पडत होतो तेव्हा पहार फेकल्याचा आवाज आला. माझ्या पाठीला नाही लागली. मागचा लाल दिवा फुटला.

ढवळवाडीपासून तालुक्याला नऊ किलोमीटर, त्यातले तीन कॅनॉलच्या बांधावरून आणि पुढे एक सरळ उतार. बांधावर एका ठिकाणी मातीत गाडी घसरल्याची लांब खूण होती आणि तिच्या कडेला हिरव्या बांगड्यांचा चुरा. मी तो ओलांडून गेलो. उताराला मी दुसऱ्यावरच होतो. इंजिन बोंबलत होतं, हात शिवशिवत होता तिसरा टाकायला, आणि मी टाकला नाही. तिसरा टाकला असता तर सटकला असता, गाडी मोकळी सुटली असती, आणि खाली तालुक्याच्या नाक्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा होता. इंजिनच्या जोरावर आणि मागच्या ब्रेकवर मी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबलो. ट्रॅक्टरवाल्यानं मला आईवरून शिवी घातली, मग माझं तोंड बघितलं, मग माझ्या मागे बांधलेलं बघितलं, आणि ट्रॅक्टर तसाच सोडून माझ्यापुढे वाट काढत दवाखान्यापर्यंत पळत आला.

मधे एकदाच शालन बोलली होती. "थांबवू नका," म्हणाली. "थांबवली की वढतोय."

दवाखान्यातल्या नर्सला दाव्याची गाठ सुटेना. शेवटी कात्रीनं कापावी लागली.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांत कळलं. ट्रॅक्टरवाल्यानं चार माणसं घेऊन ढवळवाडी गाठली तेव्हा चाचा जिवंत होते, पायाची मिठी सुटली नव्हती, आणि जालिंदर दमून त्यांच्या शेजारीच बसला होता. चाचांची तीन बोटं कापावी लागली. सहा महिने गॅरेज बंद राहिलं. शालन बावीस दिवस मोठ्या दवाखान्यात होती आणि जगली. जालिंदरला सात वर्षांची शिक्षा झाली.

कोर्टात शालननं सांगितलं ते मी ऐकलं. बापानं तिला लग्नाआधी शेतात गाडी चालवायला शिकवली होती, आणि मुद्दाम तिच्या नावावर केली होती. अडलं-नडलं तर बसायचं आणि निघून यायचं, असं तो म्हणाला होता. नवरा दोन वर्षं मारत होता आणि गाडी अंगणात होती, म्हणून ती धीर धरून होती. मग नवऱ्याला ते कळलं. त्यानं गाडी विकायला काढली, मिळेल त्या भावात. आदल्या दिवशी निरोप आला, की उद्या दहा वाजता गिऱ्हाईक येतंय. म्हणून ती त्या दिवशी सकाळीच निघाली. बांधावर गिअर सटकून गाडी मंदावली, तिथं त्यानं गाठून पदर धरला, पदर केसांसकट चाकात गेला, आणि त्यानं तिला केसाला धरून घरापर्यंत आणलं. नंतर बांधावर पडलेली गाडी चालवत आणली आणि पुसायला घेतली, कारण गिऱ्हाईक यायची वेळ झाली होती.

वकिलानं तिला विचारलं, गिऱ्हाईक कोण होतं? तिनं माझ्याकडे बोट केलं. मी खाली बघितलं.

गाडी मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात चार वर्षं उभी राहिली. ती मात्र खरोखरच पडून होती. मी पुढे दुसरी एक घेतली, चाचांनीच बघून दिली. इंजिनला त्यांनी डावा हात लावला. उजव्याला आता गरम-गार कळत नाही, म्हणाले.

त्या दिवसानंतर तीन वर्षांनी एका सकाळी संघाच्या फळ्यावर निरोप लिहिलेला होता. ढवळवाडी, कॅनॉलवरची वस्ती. म्हैस सकाळपासून पडून आहे, पाणी घेत नाही.

दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. माझी जीभ पुढच्या दोन खोट्या दातांवरून फिरली, आणि मी गाडी काढली.

अंगण तेच होतं. शेवगा वाढला होता. म्हातारी उंबऱ्यात बसली होती, वाळून अर्धी झालेली, मांडीवर तेच सूप. मी पिशवी घेऊन थेट गोठ्यात गेलो. म्हैस चार पायांवर उभी होती. डोळे तुकतुकीत, नाकाचा शेंडा ओला, रवंथ चाललेला. मी तिच्या कानाला हात लावला, तो हवा तेवढाच कोमट होता. बाहेर आलो.

"आजी, म्हैस तर हुबी हाय."

"हुबीच असती ती," म्हातारी म्हणाली. "तिला काय धाड भरलीया. बस."

मी बसलो.

"शालन कशी हाय?"

मी सांगितलं. बापाच्या गावात अंगणवाडीत लागली होती. उजव्या कानानं कमी ऐकू यायचं. गाडी सुटली की परत चालवणार म्हणत होती.

"जेवती न्हवं नीट?"

"जेवती."

म्हातारीनं मान हलवली. सुपातल्या शेंगा तिनं एका बाजूला केल्या, दाणे एका बाजूला केले.

"आजी," मी म्हणालो, "हे इचारायला म्हशीचा निरोप कशाला धाडला? सरळ सांगायचं की."

"कुणाला सांगू? गावात तिचं नाव काडलं तर माझ्याच अंगावर येत्यात. तुझ्या सुनंनं पोरगं तुरुंगात घातलं म्हणत्यात." तिनं सुपातली टरफलं फुंकून टाकली. "त्या दिशी सकाळी दूध न्यायला गवळी आला हुता. त्याचं पाय धरलं मी. म्हणलं, सून पडून हाय, पाणी घेईना, कुणाला तरी बलीव. तुमच्या घरातलं तुमी बघा म्हणला आन् कॅन उचलून गेला."

तिनं एक शेंग उचलली, सोलली, दाणे सुपात टाकले.

"मग तू आलास. जनावराचा डाक्टर म्हणालास. म्हणलं, ह्यो तरी बघंल."